निळाऱ्यांचे पाच रांजण

माघाचं ऊन निंबसरच्या कसब्यावर उतरतं ते फार समजूतदारपणे उतरतं. त्याला वैशाखाची घाई नसते, श्रावणाचे रुसवेफुगवे नसतात. कृष्णाकाठचं धुकं ते आधी हलकेच बाजूला सारतं, मग घाटाच्या पायऱ्या उजळतं, मग पेठेची कौलं, आणि सगळ्यांत शेवटी, नवाच्या सुमाराला, निळारी आळीतल्या त्या ओसाड जागेवर येऊन बसतं.

ओसाड म्हणजे अगदी ओसाड. चार गुंठे जमीन, जमिनीवर घाणेरीचं रान, रानावर केशरी-पिवळ्या फुलांचे झुबके, आणि झुबक्यांच्या आडोशाला लावलेल्या दुचाक्या. इथे कधीकाळी घर होतं, एवढंच आळीला ठाऊक होतं. कुणाचं, कसलं, हे विचारायची गरज कुणाला पडली नव्हती. आळीचं नाव निळारी का, हेसुद्धा कुणी कधी विचारलं नव्हतं. नावं काय, असतात.

त्या जागेवर आता व्यापारी संकुल यायचं होतं. वर गाळे, खाली गाड्यांसाठी दोन मजली तळघर. पण शेजारचा घाट जुना, संरक्षित; त्यामुळे जमिनीच्या पोटात काय आहे ते आधी पाहावं, असा नियम आडवा आला. नियमाला बारा दिवसांची मुदत मिळाली, आणि मुदतीबरोबर मैथिली ठोसर आली.

एकतीस वर्षांची, सावळी, कमी बोलणारी. धुळीनं मूळ रंग हरवलेला कुर्ता, डोक्याला पंचा, कमरेला छोटी करणी. पुरातत्त्वाच्या कामात ती आठ वर्षं मुरली होती, पण आजवर दुसऱ्याच्या हाताखाली. अहवालाखाली तिची एकटीची सही असणार, असं हे पहिलंच काम. त्या सहीचा तिला अभिमान होता आणि धास्तीही होती, आणि दोन्ही ती कुणाला दिसू देत नव्हती.

माती उलगडत गेली. वर काल-परवाची माती: काचा, बुचं, प्लास्टिकच्या चिंध्या. तिच्याखाली पुराची माती, मऊ, पिवळसर, कृष्णामाईनं येता-जाता आपल्या हातानं सारवलेली. तिच्याखाली पडल्या भिंतींची पांढरी माती. आणि पांढरीच्याही खाली, कमरेइतक्या खोलीवर, एक जुनं अंगण: टणक, तुळतुळीत, शेणसड्याच्या असंख्य सकाळी अंगात जिरवून निजलेलं.

माती उलगडत गेली, आणि आठव्या दिवशी अंगणात पाच गोल उमटले. एका ओळीत पाच रांजण, गळ्यापर्यंत जमिनीत गाडलेले. चारांची तोंडं उघडी, आत माती. पाचवा भिंतीलगतचा, जरा लहान, तोंडावर दगडी झाकण, झाकणाभोवती मातीचं लिंपण. मजूर बाया क्षणभर थबकल्या. मैथिली थबकली नाही. जमिनीत गाडलेले रांजण म्हणजे धान्याचे, हे तिनं शंभर ठिकाणी पाहिलं होतं. सरावाचं डोळसपण असतं, तसं सरावाचं आंधळेपणही असतं.

शिवाय दिवस शुक्रवार होता. कंत्राटदाराचा पोकलेन आळीच्या तोंडाशी येऊन उभा होता, आणि नगरपालिकेतून दोनदा फोन आला होता. संध्याकाळी तिनं पत्र लिहिलं: सामान्य घराचे अवशेष, साठवणीचे पाच रांजण, नोंद पूर्ण होताच बांधकामास हरकत नाही. खाली सही केली. सही छान वळणदार आली, म्हणून तिला उगाच बरंही वाटलं.

शनिवार उजाडला. सोमवारी सकाळी पोकलेनचा दात जमिनीला लागणार होता, आणि त्याआधी फोटो काढायचे होते. फोटोआधी वस्तू स्वच्छ करायची ही उत्खनन करणाऱ्या लोकांची जुनी शिस्त. खापरी निघाली की धुवायची, घासायची, सावलीत वाळवायची. मातीतून आलेलं काहीही धुतल्याशिवाय त्यांच्या डोळ्यांना खरं वाटत नाही. रांजणांतली माती काढली तेव्हा तळाशी बोटभर जाडीचा काळा थर लागला. वर्षानुवर्षं या जागेत गटार मुरत होतं, त्याचाच हा गाळ, असं मैथिलीनं ठरवलं. घासून काढा, म्हणाली, आणि पलीकडच्या खड्ड्यात नकाशा काढायला बसली.

मजूर बायांतली छबूताई हाताला कडक. नारळाची शेंडी घेतली, बादलीभर पाणी ओतलं आणि पहिला रांजण असा घासला की त्याला त्याचा जन्म आठवावा. काळा थर सुटला, पाणी काळं झालं, आणि मग काळं पाणी उन्हात हललं तेव्हा निळं दिसलं. तिला वाटलं, कुणाच्या तरी बादलीत कपड्यांची नीळ राहिली असेल. पाणी गटारात ओतून ती दुसऱ्या रांजणाकडे वळली. सांगितलेलं काम अर्धं टाकणं तिच्या स्वभावात नव्हतं.

आणि निळं पाणी आळीतून चालू लागलं. घाणेरीच्या मुळांना वळसा घालून, पिठाच्या गिरणीपुढून, नळकोंडाळ्याच्या कडेकडेनं, माघाचं कोवळं ऊन अंगावर घेत ते उतारानं निघालं. जिथं आजवर फक्त साबणाचा फेस वाहिला, त्या अरुंद गटारातून एक गर्द, गहिरी, घननीळ रेघ निघाली आणि आळीच्या शेवटच्या दारापर्यंत गेली.

त्या दारात निवृत्ती निळारी बसले होते. वय शहात्तर, एसटीचे निवृत्त चालक. निवृत्ती निवृत्त झाला, हा विनोद त्यांनी डेपोत इतक्यांदा ऐकला होता की आता तेच आधी करून टाकायचे. बायको गेलेली, मुलगी इचलकरंजीला. सकाळचा पेपर मांडीवर होता. ती रेघ पायाशी आली तेव्हा ते वाचायचे थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग चप्पलसुद्धा न घालता, गटाराच्या कडेनं, पाणी आलं त्या दिशेला, प्रवाहाच्या उलट चालू लागले.

खड्ड्याच्या काठाशी आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. ते पायऱ्या उतरले, तिसऱ्या रांजणाशी उकिडवे बसले, हात खांद्यापर्यंत आत घातला आणि काळ्या थराची एक खपली वर आणली. अंगठ्याच्या नखानं ती घासली. घासलेल्या जागी तांब्याची झाक चमकली, लालसर, झळझळीत, घासलेल्या तांब्यासारखीच. मैथिली तोवर धावत आली होती आणि त्यांना रागावण्याच्या बेतात होती.

"ही आमची नीळ हाय," म्हातारा म्हणाला. "आई आशीच नखानं घासून बघायची."

मग त्यांनी सांगितलं ते तुटक सांगितलं, पण सगळं सांगितलं. हे घर निळाऱ्यांचं, त्यांच्या आजोबा-पणजोबांचं. साळी लोक सूत आणून टाकायचे, इथे ते निळीच्या रांजणांत बुडायचं, पाच बुडवे, सात बुडवे, अकरा बुडवे. जितके बुडवे तितका रंग खोल. काळ्याभोर चंद्रकळेचं काळेपण म्हणजे खरं तर निळीवर चढलेली नीळ. घरात सून आली की तिच्या नावाचा एक रांजण अंगणात गाडायचा. पाच रांजण म्हणजे पाच सुना. पाचवा, झाकणाचा, त्यांच्या आईचा. ते सहा वर्षांचे असताना स्वस्त विलायती रंगानं धंदा बसला, घर मोडलं, वडील गिरणीत लागले. निघायच्या दिवशी आईनं आपल्या रांजणाचं तोंड स्वतःच्या हातानं लिंपलं, एवढं त्यांना आठवत होतं. जागा हीच, हे मात्र खात्रीनं माहीत नव्हतं. सत्तर वर्षांत दोन पुरांनी आळीच्या सगळ्या खुणा पुसल्या होत्या.

मैथिली ऐकत होती. हे धान्याचं घर नव्हतं. हा रंगाचा कारखाना होता, बायकांच्या नावांनी गाडलेला, अखंड, अंगणासकट. आणि त्यातले दोन रांजण तिनं धुवून टाकले होते. कुठल्या सुनेनं नीळ कशात आंबवली, चुना किती घातला, कशाचं बी शिजवलं, हे सगळं त्या बोटभर थरात लिहिलेलं होतं, आणि ते लिहिलेलं आता गटारातून कृष्णेला मिळालं होतं. उरलेले तीन सोमवारी पोकलेन उचलणार होता, तिच्याच पत्राच्या जोरावर. तिला रडू आलं नाही. लाज वाटली, आणि लाज रडण्याहून जड असते.

दुपारी तिनं पुण्याला आपल्या सरंजामे सरांना फोन लावला. सर माणूस चांगला, पण सावध. त्यांनी सल्ला दिला तो सोपा होता: नंतर अधिक अवशेष मिळाले, सबब फेरतपासणी व्हावी, इतकंच लिही, धुण्याबिण्याचं लिहू नकोस, पहिल्याच सहीला डाग कशाला. सल्ल्यात खोटं काही नव्हतं, फक्त खरं थोडं कमी होतं. मैथिली हो म्हणाली. फोन ठेवला आणि बराच वेळ खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसून राहिली.

निवृत्तीआबाही गेले नव्हते. आईच्या रांजणाच्या झाकणावर हात ठेवून ते बसले होते. तिच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलं आणि काय ओळखायचं ते ओळखलं. घाटात चाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, पुढच्याचं वळण त्याला आधी कळतं.

निळाऱ्यांच्या घरची एक रीत त्यांनी तिला सांगितली. सूत बिघडलं, डाग पडले, रंग फाटला, तर त्या घरात आरडाओरडा होत नसे. ज्याच्या हातून बिघडलं त्यानं रांजणावर वाकायचं आणि आपली चूक रांजणाच्या तोंडात सांगायची, मोठ्यानं, जशी झाली तशी. लपवली किंवा अर्धी सांगितली तर रांजण रुसतो, महिनाभर रंग देत नाही, अशी समजूत. आजोबांनासुद्धा त्यांनी असं वाकलेलं पाहिलं होतं, पागोटं काढून ठेवून.

मैथिली शिकलेली मुलगी, समजुतींची नोंद घेणारी, त्या पाळणारी नव्हे. ती उठली कशी, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. डोक्याचा पंचा तिनं काढून बाजूला ठेवला. धुतलेल्या पहिल्या रांजणाशी गुडघे टेकले, दोन्ही हात त्याच्या काठावर ठेवले आणि ओणवी झाली. आत रिकामा, स्वच्छ, लालबुंद अंधार होता.

"मी नीट पाहिलं नाही," ती म्हणाली. "मला घाई होती, आणि मला वाटलं मला येतं. म्हणून मी तुला धुतलं."

रांजणानं तिचा आवाज घेतला, पोटात फिरवला आणि तिलाच परत दिला, जरा जाड, जरा वयस्कर करून. छबूताई पलीकडे शेंडी हातात धरून उभी होती, तिनं डोळ्यांना पदर लावला.

पत्र तिनं तिथेच लिहिलं, ऊन कलायच्या आत. पहिलं पत्र चुकीचं होतं, ते मी मागे घेते, हे पहिलं वाक्य. दोन रांजणांच्या तळाचा थर माझ्या सांगण्यावरून धुतला गेला, तो परत येणार नाही, हे दुसरं. मग उरलेल्या तीन रांजणांचं, अंगणाचं, पाच सुनांचं, आणि हे सारं जागच्या जागी राहायला हवं याचं. सही या वेळी वळणदार आली नाही. तिच्याकडे पाहायला मैथिलीला वेळही नव्हता, कारण नगरपालिकेचं कार्यालय शनिवारी लवकर ओस पडतं आणि पत्र हातोहात द्यायचं होतं.

रविवारी सकाळी नगर अभियंता विश्राम कोळेकर स्वतः आले. जाड, घामेजलेला, बगलेत नकाशांची गुंडाळी मिरवणारा माणूस. कंत्राटदाराचा माणूस त्यांच्यामागे तोंड वाकडं करून उभा. अशा माणसांच्या कपाळावर नकार आधीच छापलेला असतो, असं मैथिलीला वाटत आलं होतं. कोळेकर खड्ड्यात उतरले, बूट काढून अंगणावर चालले, उघड्या चारही रांजणांत वाकून पाहिलं, धुतलेल्या दोहोंत जरा जास्तच वेळ. तिनं रात्रभर मनाशी घोकलेले मुद्दे मांडायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"बावीस वर्षांत, स्वतःची चूक लिहिलेलं पत्र पहिल्यांदा हातात आलं," ते म्हणाले. "त्यामुळं खालचं सगळं खरं मानायला मला जड गेलं नाही."

मग त्यांनी अंगणातच मांडी ठोकून नकाशा पसरला. पेन्सिल कानामागून काढली. तळघराची पश्चिमेची रेघ खोडली, पुन्हा ओढली, रांजणांच्या ओळीपासून दहा हात पूर्वेला. मोकळ्या राहिलेल्या चौकात त्यांनी पाच लहान वर्तुळं काढली, गाळे चौकाभोवती सरकवले. सभेत मंजुरी लागेल, लोक कुरकुरतील, मी समजावतो, म्हणाले. पोकलेन मात्र उद्या हलणार नाही. सभा फाल्गुनात झाली. निंबसरच्या नगरपालिकेत एकमतानं काही होतं, यावर गावाचा विश्वास नाही. पण त्या दिवशी ते झालं. निळारी आळीला आपल्या नावाचा अर्थ कळला होता, आणि आळीतल्या बाया सभागृहाच्या दारात येऊन बसल्या होत्या.

ठराव झाल्यावर पाचवा रांजण उघडला. आधी लिंपणाचे फोटो झाले, मग छबूताईनं, या खेपेला मऊ कुंचल्यानं, त्यावरची धूळ झाडली. वाळल्या मातीत बोटांचे ठसे होते, चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला, घट्ट दाबलेले. आबांनी आपली बोटं त्यांवर धरून पाहिली. ती बसली नाहीत. आईची बोटं लहान होती.

झाकण निघालं. आत पांढऱ्या फडक्यात, फडक्याला कडेकडेनं निळाई लागलेली, निळीच्या अकरा वड्या. रंग आवरून जाणाऱ्या बाईनं रंग सुरू करायची तयारी ठेवून दिली होती. अकरांतल्या नऊ संग्रहालयाला गेल्या, एक प्रयोगशाळेत गेली. एक वडी प्रत्यक्ष चाचणीसाठी, असं मैथिलीनं रीतसर कागदावर लिहून मंजुरी घेतली आणि ती आबांच्या तळहातावर ठेवली. आबा त्या वडीकडे बघत राहिले. घरच्या विद्येपैकी आपल्याला निम्मी ऐकून येते आणि निम्मी येतच नाही, हे त्यांनी कबूल करून टाकलं.

तरी त्यांनी मांडलं. नवा रांजण आपल्या दारात अर्धा गाडला, माळावरून आंबवणीसाठी टाकळ्याचं बी आणलं, शिजवलं, चुना कालवला, वडी कुटून मिसळली, काठीनं ढवळलं. तीन दिवस झाले, पाच झाले. रांजण ढिम्म. ना वास, ना फेस. गिरणीवाला येता-जाता विचारी, आबा, गाडी चालू होईना काय, आणि आबा म्हणत, घाट चढतीया, दमानं.

आठव्या दिवशी सकाळी मैथिली आली तेव्हा आबा रांजणावर ओणवे होते, टोपी बाजूला काढून ठेवलेली. ती आळीतच थांबली. आईनं शिकवायचं म्हटलं होतं, मुंबई-पुण्याला जाऊन का होईना, आपला रांजण मांड असं ती मरेपर्यंत सांगत होती, आणि आपल्याला गाडीच्या चाकापुढे काही दिसलं नव्हतं, असं काहीतरी ते रांजणाला सांगत होते. ती तशीच मागे फिरली आणि घाटावर जाऊन बसली.

विज्ञान म्हणेल, फाल्गुनाचं ऊन तापलं म्हणून आंबलं. विज्ञानाचं बरोबरच असेल. दोन दिवसांनी रांजणातून उग्र, गोडसर, ओल्या गोठ्यासारखा वास उठला, पाण्यावर जांभळट तांबूस साय धरली, आणि सायीखाली पाणी पिवळं-हिरवं झालं. आबांनी अख्ख्या आळीला बोलावणं धाडलं. सगळे आले, कोळेकर आले, छबूताई नवं लुगडं नेसून आली. आबा पहिला बुडवा देणार म्हणून मैथिलीनं कॅमेरा सरसावला, तर त्यांनी तिच्या हातातून कॅमेरा काढून कोळेकरांच्या हातात दिला.

"ज्यानं चूक सांगितली, पुढचं कापड त्याच्याच हातानं बुडवायचं असतं," ते म्हणाले. "तुझी आधी झाली, पोरी. माझा नंबर तुझ्यामागं."

तिच्याजवळ कापड कुठलं? खापऱ्या भरायची मांजरपाटाची एक कोरी पिशवी खिशात होती, ती तिनं काढली. बाह्या सारल्या. सायीखालच्या त्या कोमट, पिवळ्या-हिरव्या, गूढ पाण्यात कोपरापर्यंत हात घातले, आणि आबा सांगत होते तितका वेळ, श्वास धरून, पिशवी आत धरून ठेवली.

पिशवी बाहेर आली ती हिरवी आली. कोवळ्या गव्हाइतकी हिरवी. मैथिलीला वाटलं, रंग चुकला; तिनं आबांकडे पाहिलं. हवा लागू दे, एवढंच आबा म्हणाले.

मग वाऱ्याची एक झुळूक कृष्णेवरून आली. पिशवीच्या काठाशी एक निळी रेघ उमटली, रेघेची कडा झाली, कडेचा पट्टा झाला, हिरवं सरत गेलं, निळं भरत गेलं. आणि मैथिलीच्या नखांवरून, बोटांवरून, ज्या हातानं तिनं ती दोन्ही पत्रं लिहिली होती त्या हाताच्या मनगटावरून, ती निळाई सावकाश, सावकाश वर चढत गेली.